गादी आणायला कोण जाणार

हवेची गादी ज्या सिस्टरनं घातली असेल, तिनंच ती परत आणायची, हा चेरुक्कडवच्या केंद्रातला नियम होता. कुठं लिहिलेला नव्हता. लिहिला असता तर समितीनं त्यावर चर्चा केली असती, आणि समितीत चर्चा झाली की चांगल्या नियमाचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

नियम ओमनासिस्टरचा. बरं न होणारं दुखणं घेऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जायचं, जखमा धुवायच्या, नळ्या बदलायच्या, दोन शब्द बोलायचे, हे केंद्राचं काम. गावाच्या वर्गणीवर चालणारं. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही त्याच्या अंगाखाली विजेच्या पंपावर फुगणारी गादी घालायची, म्हणजे पाठ सडत नाही. माणूस गेला की घरच्यांना दिवस उरकू द्यायचे. मग जायचं, पडवीत बसायचं, लिंबू पिळलेला कोरा चहा घ्यायचा आणि शेवट कसा झाला ते त्यांच्या तोंडून पुन्हा एकदा ऐकायचं. शेवटी आत जाऊन पंपाचं बटन बंद करायचं, हवा काढायची, गादी गुंडाळायची. "गादी उचलली की खोली खरी रिकामी होते," ओमना नव्या पोरींना सांगायची. "ते काम परक्या हातानं होऊ नये. ज्या हातानं बटन चालू केलं, त्याच हातानं बंद करायचं."

बोलायला काय लागतं! प्रजीश गेला, त्याच्या सोळाव्या दिवसाचं कार्य झालं, सोळाव्याचं जेवून पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि प्रजीशची गादी अजून त्याच्या खाटेवरच होती. ती ओमनानं घातलेली होती.

केंद्रात माणसं मोजकी. ओमना सगळ्यांत जुनी. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, आणि आवाज असा की जीपचा हॉर्न बिघडला तरी अडू नये. फसीला तिच्याच हाताखाली तयार झालेली तरुण सिस्टर, तिला 'चेची', म्हणजे ताई, म्हणणारी. समितीचं सगळं बघायला दामोदरन मास्तर, ज्यांना निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी गाव 'माश' म्हणूनच हाक मारायचा. आणि जीप चालवायला मोइदू. जीप त्याची नव्हती, पण तसं त्याला सांगायची कुणाची छाती नव्हती.

दुपारी जिथं असतील तिथं जीप सावलीला लावून सगळ्यांचे डबे मागच्या बाकावर उघडायचे, आणि आपला डबा आपण खायचा नाही, हा तिथला दुसरा नियम. मोइदूच्या बायकोचं तारलीचं कालवण ओमनाला, ओमनाची फणसाची भाजी फसीलाला, आणि माशचा दहीभात कुणालाच नको असायचा म्हणून तो सगळ्यांनी थोडाथोडा. "दिवसभर दुसऱ्यांच्या घरचं दुःख वाटून घेतो," मोइदू म्हणायचा, "मग कालवणानं काय पाप केलंय?"

प्रजीश गेल्यापासून ओमना डबाच आणत नव्हती. मंगळवारी उपास म्हणाली, बुधवारीही उपास म्हणाली, शुक्रवारी पोट बिघडलंय म्हणाली. "कुठला देव गं हा, आठवडाभर उपाशी ठेवणारा?" मोइदूनं विचारलं. एरवी तिनं त्याला चार शब्द सुनावले असते. या वेळी ती छत्री उघडून नदीकडं तोंड करून उभी राहिली.

ती छत्रीही प्रजीशचीच. पोफळीवरून पडला तेव्हा तो लग्नाच्या वयाचा होता. कमरेखालचं सगळं गेलं, पण हात आणि जीभ शाबूत राहिली, आणि दोन्ही त्यानं भरपूर चालवली. खाटेवर पडून छत्र्या बनवायला शिकला. केंद्रातल्या प्रत्येकाला त्यानं एक छत्री दिली होती, ओमनाला पोपटी, "म्हणजे लांबूनच कळेल, वादळ येतंय." पंपाला तो 'सासूबाई' म्हणायचा. रात्रंदिवस पुटपुट, दमणं म्हणून नाही. "सिस्टरनं बायको नाही शोधली माझ्यासाठी, पण सासू तेवढी आणून दिली," हे तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, आणि त्याची आई कार्त्यायनीअम्मा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची.

आठ-नऊ वर्षं ओमनानं त्याची पाठ राखली. केंद्रातली बहुतेक माणसं जाणारीच असतात. त्यांच्या घरात पाऊल टाकतानाच सिस्टरचं मन तयार असतं. प्रजीशच्या बाबतीत कुणाचंच मन तयार नव्हतं. त्याला ताप आला, लघवी गढूळ झाली, ओमनानं मोठ्या इस्पितळात हलवायला सांगितलं, आणि तिथं तो पाहता पाहता गेला. लढून नाही, बोलून नाही. ओमना तेव्हा दुसऱ्या कुणाची तरी जखम धूत होती. फोन आला, तिनं ऐकला, हातमोजे बदलले आणि पट्टी पुरी केली. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला ती जीपमध्ये चढली. सगळे मनात म्हणाले, बाई खंबीर आहे.

माणसाला खंबीर म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं. मग त्याच्याकडं बघावं लागत नाही.

अडलं ते बिय्यातुम्मामुळं. मशिदीमागच्या चढावर राहणारी ही म्हातारी. झटका येऊन उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं, पण नजर अजून सगळ्या घरावर पहारा देत होती. सून रोज तिची कूस बदलायची, तरी एकटी बाई किती पुरी पडणार? ओमनानं तिला वळवून पाहिलं तेव्हा माकडहाडावर लाल चट्टा दिसला. बोटानं दाबून सोडला तरी लालच राहिला. याचा अर्थ ओमनाला कुणी सांगायला नको होता.

"गादी देणार म्हणाला होतात ना सिस्टर?" सुनेनं विचारलं.

"येतेय," ओमना म्हणाली. "केंद्रात दुसरी शिल्लक नाही. एका घरून यायचीय."

फसीलानं तिच्याकडं पाहिलं. ओमना ट्रेमधल्या कात्र्या नीट लावत बसली, ज्या आधीच नीट लावलेल्या होत्या.

सोमवारी सकाळी ती केंद्रावर आली तेव्हा मधलं टेबल भिंतीला सरकवलेलं होतं. तीन खुर्च्या मांडलेल्या. समोरासमोर नाही, शेजारी-शेजारीही नाही, जरा तिरक्या. एका खुर्चीलगत स्टुलावर पाण्याचा पेला झाकून ठेवला होता आणि शेजारी घडी केलेला स्वच्छ रुमाल. दार अर्धं लोटलेलं. आत माश आणि फसीला वाट बघत होते. माशनी मोबाइल बंद करून खिशात टाकला, तोही दिसेल असा.

ओमना दारातच थांबली. ही खोली तिनंच किती तरी घरांत अशी मांडली होती. आई जाणार आहे हे लेकीला सांगायच्या आधी, मूल जाणार आहे हे बापाला सांगायच्या आधी. खुर्ची तिरकी का ठेवायची हेही तिनंच या दोघांना शिकवलं होतं: समोर बसलं की उलटतपासणी वाटते, शेजारी बसलं की चेहरा दिसत नाही.

"बसा ओमना," माश पुढं झुकून म्हणाले. "आज आपल्याला कसलीच घाई नाही."

वाक्य तिचंच होतं. ते म्हटल्यावर गप्प बसायचं असतं, तेही तिनंच शिकवलेलं. पण माशचा जन्म वर्गावर बोलण्यात गेला होता. गप्प बसायचं म्हणून त्यांनी ओठ असे आत ओढून घेतले होते की कवळी निसटलीय की काय असं वाटावं. मग फसीलानं खुर्ची किंचित पुढं घेतली आणि हलक्या आवाजात विचारलं, "चेची, आत्ता या घडीला तुम्हाला सगळ्यात जास्त कसली काळजी वाटते?"

ओमनाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"वा! आता मी उत्तर दिलं नाही की तू मनात आकडे मोजणार. मग माझ्या हातावर हात ठेवणार. मनगटावर नाही हं, पंजावर. मनगट धरलं की माणसाला अडकल्यासारखं होतं. मग म्हणणार, 'हे सगळं तुम्ही एकटीनं सोसत होता.' मग पाणी. रुमाल मात्र हातात द्यायचा नाही, नुसता जवळ ठेवायचा. दिला की 'आता पुरे' असं वाटतं. काही चुकलं का माझं?"

फसीलाचा हात खरोखरच अर्ध्या वाटेत आला होता. तो तिथंच राहिला.

"आम्हाला दुसरं काही येतच नाही, चेची," ती म्हणाली. "जे येतं ते तुम्हीच शिकवलंत."

"ते पेशंटसाठी! मी पेशंट आहे का? खाटेवर पडलेय का मी?"

"नाही, पण आम्हाला वाटलं..." माशनी सुरुवात केली.

"तुम्हाला काय वाटलं ते खुर्चीवरूनच कळलं." ती उठली. जे अजून घरी नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं ते तिच्या तोंडून बाहेर पडलं. "महिनाअखेर मी जाणार आहे. त्रिशूरला माझ्या बहिणीच्या दिराची रक्ततपासणीची लॅब आहे. सुई टोचायची, बाटली भरायची, 'पुढचा' म्हणायचं. कुणाचं नाव लक्षात ठेवायला नको."

खोलीत आता खरी शांतता पसरली. ही कुणी शिकवलेली नव्हती.

"आणि गादी?" माशनी विचारलं. "बिय्यातुम्माचा चट्टा..."

"फसीला आणेल."

"मी नाही आणणार," फसीला म्हणाली. तिनं मान ताठ ठेवली होती. "ती माझ्या हातची नाही."

ओमनानं खुर्ची बाजूला ढकलली. मग पिशवी उचलून तरातरा बाहेर गेली आणि जीपमध्ये बसली. दार तिनं असं आपटलं की काच खाली घसरली.

मोइदू चाक पुसत होता. त्यानं फडकं पिळलं, वाळत घातलं, मुंडू लुंगीसारखा गुडघ्यावर दुमडला आणि काही न विचारता गाडी सुरू केली.

"बिय्यातुम्माकडं चला मोइदूक्का. निदान कूस तरी बदलून येऊ."

जीप बाजार ओलांडून डावीकडं वळायच्या ऐवजी सरळ जांभ्याच्या खाणीकडं चढू लागली. रस्ता लांबचा, खडबडीत, आणि ऊन थेट तोंडावर. ओमनानं उन्हाकडं हात आडवा धरला. मग म्हणाली, "पुलावरून गेलो असतो तर एव्हाना पोचलो असतो. हा वळसा कशाला?"

"रोजच घालतो. आज दिसला तुला?"

"रोज?"

"पुलाच्या रस्त्याला प्रजीशचं घर लागतं," मोइदू म्हणाला.

त्यानं जीप खाणीच्या कडेला, एका काजूच्या झाडाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. मग पुढचा कप्पा उघडला. आत जुन्या कापडात गुंडाळलेली कात्री आणि कंगवा होता. दर महिन्याला तो प्रजीशचे केस कापायचा. न्हाव्याला घरी बोलवायला प्रजीशला लाज वाटायची म्हणून सुरू झालेलं काम. पुढं प्रजीश म्हणायचा, असे वाईट केस कापणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही, आणि तरी दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

"अँब्युलन्समध्ये चढवताना म्हणाला, मोइदूक्का, केस वाढलेत. मी म्हटलं, ये परत, मग बघतो." मोइदूनं कंगव्यातला एक केस ओढून काढला, आणि टाकून न देता पुन्हा कापडात ठेवला. "सोळाव्याला मी गेलो नाही. जीपचं काम निघालं म्हणून सांगितलं. जीपचं काही काम नव्हतं."

आणि तो साठीचा माणूस स्टीअरिंगवर कपाळ टेकून रडायला लागला. ओमनाचा हात सवयीनं उचलला गेला. पंजावर, मनगटावर नाही. मग तिला स्वतःचीच शरम वाटली आणि तिनं तो मांडीवर परत ठेवला.

"रडायचं तर जीपमध्ये, पेशंटच्या घरात नाही," मोइदू नाक पुसत म्हणाला. "हे तुझंच ना? पहिल्या दिवसापासून ऐकतोय. मग मला सांग, इतक्या वर्षांत तू एकदा तरी रडलीस का या जीपमध्ये? तू रडत नाहीस म्हणून ती फसीला रडत नाही. पोरगी मोरीत जाऊन नळ सोडून रडते, मला बाहेर ऐकू येतं. आणि ती पोर असून रडत नाही, तर मी म्हातारा कुठल्या तोंडानं रडू? मास्तर तर घरी बायकोवर खेकसतात म्हणे. आणि आम्ही सगळे मिळून तुझ्यासाठी खुर्च्या तिरक्या मांडतो! मी म्हटलं होतं त्यांना, बाईला कळेल. तर मास्तर म्हणतात, शास्त्रशुद्ध आहे."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण ओमनाच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, आणि ती जिव्हारी लागली. घरोघरी ती सांगत फिरायची, दुःख कोंडून ठेवू नका, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून रडा. आणि तिच्या स्वतःच्या चार माणसांच्या घरात, म्हणजे केंद्रात, प्रत्येक जण वेगळ्या खोलीत, दार लावून. दार लावायला तिनंच शिकवलं होतं.

"मी त्याला खोटं सांगितलं, मोइदूक्का," ती म्हणाली. "खोटं आश्वासन कधी द्यायचं नाही, हे मी पोरींना पाठ करून घेते. आणि त्याला नेत होते तेव्हा कार्त्यायनीअम्मानं विचारलं, गादी काढू का? तर मी म्हटलं, राहू दे, पंप चालू राहू दे, दोन दिवसांत येतोच आहे तो. तोही हसला. म्हणाला, सासूबाईला सांगून ठेव. आता त्या बाईपुढं कुठल्या तोंडानं जाऊ? काय म्हणू? आले अम्मा, गादी द्या?"

मोइदूनं कापडाची गुंडाळी पुन्हा बांधली.

"खोटं कसलं," तो म्हणाला. "मी केस कापतो म्हटलं ते खोटं होतं? आपल्याला खरंच वाटत होतं."

तेवढं वाक्य पुरलं. ओमनाला रडू आलं, ते तिला शोभेल असं नाही; नाक वाहून, उचक्या लागून, पदर ओला करून. मोइदूनं तिला रुमाल दिला नाही, कारण त्याच्याजवळ फक्त चाक पुसायचं फडकं होतं, आणि पाणीही दिलं नाही, कारण तो स्वतःच पुन्हा सुरू झाला होता. काजूच्या झाडाखाली दोघं बसून राहिले. खाणीतला एक माणूस ट्रक घेऊन जाताना थांबला, बघितलं, आणि काही न विचारता पुढं गेला.

"वळवा," शेवटी ओमना म्हणाली.

"कुठं?"

"आधी केंद्रावर. त्या दोघांना घेऊ. मग पुलाकडं."

"नियम तर एका सिस्टरनं जायचा आहे."

"माझा नियम आहे. मी बघून घेईन."

कार्त्यायनीअम्मा पडवीत सुपात तांदूळ घेऊन बसली होती. जीप थांबली, चौघं उतरले, तरी तिनं मान वर केली नाही.

"आठवला का जीपला आमच्या घरचा रस्ता?" ती तांदळाला म्हणाली. "रोज ऐकते मी. वरच्या रस्त्यानं जाते. मुलगा गेला म्हणजे त्याच्याबरोबर आईपण तुमच्या कामातून गेली का गं?"

यावर काय बोलावं याचं उत्तर ओमनाला पाठ होतं. ते तिनं दिलं नाही.

"मला भीती वाटली, अम्मा," ती म्हणाली.

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. आणि मग त्या शांततेत चौघांनाही आतून येणारा आवाज ऐकू आला. तोच. पुटपुट पुटपुट, दम न खाता.

आतल्या खोलीत खाट होती तशी होती. गादीवर धुतलेली चादर ताणून घातलेली. खिडकीत कापड न चढवलेल्या छत्रीचा सांगाडा. गादीचे एकाआड एक कप्पे फुगत होते, बसत होते, पुन्हा फुगत होते, आणि वर कुणीच नव्हतं. खाटेशेजारी जमिनीवर कार्त्यायनीअम्माची चटई गुंडाळून ठेवलेली होती.

"अम्मा, हा अजून..."

"तू म्हणालीस चालू ठेवा," म्हातारी दारातून म्हणाली. "मग कुणी येऊन बंद करा म्हणालंच नाही. मी का बंद करू? मी चालू केला होता का?" मग आवाज खाली आला. "वीज गेली की मला जाग येते, पोरी. परत सुरू झाला की डोळा लागतो. लोक म्हणाले, वेड लागलंय म्हातारीला. मी म्हटलं, सिस्टर येईल. तिचं काम आहे ते."

ओमना भिंतीपाशी गेली. बटनाशी बोट नेलं आणि तिथंच थांबली. किती तरी घरांत तिनं हे केलं होतं; आता हात पुढंच जाईना. तेवढ्यात मागून फसीला आली आणि तिनं ओमनाचा हात धरला. मनगटावर, जिथं धरायचं नाही असं शिकवलं होतं तिथंच, घट्ट, आणि ती हुंदके देऊन रडत होती. घरात, जीपमध्ये नाही. ओमनानं तिला थांबवलं नाही.

बटन दाबलं गेलं.

ती शांतता सगळ्यांनाच नवी होती. गादी सावकाश खाली बसू लागली, चादरीला सुरकुत्या पडल्या. माश भिंतीकडं तोंड करून उभे होते. त्यांच्या तोंडून एकही शब्द निघत नव्हता, आणि या वेळी त्यासाठी ओठ आवळावे लागले नव्हते. कार्त्यायनीअम्मा खाटेच्या कडेला बसली. तिनं गादीवरून हात फिरवला, हवा पुरती निघेपर्यंत. तिला कुणी काही सांगितलं नाही. मोइदू कापडातली कात्री आणि कंगवा घेऊन पुढं झाला आणि ते तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं उघडून बघितलं आणि चौघं आल्यापासून पहिल्यांदाच हसली.

"कानामागं दर वेळी खड्डा पाडायचास तू," ती म्हणाली.

गादी तिनं दुसऱ्या कुणाला धुऊ दिली नाही. विहिरीपाशी नेली, साबण लावून, उलटीसुलटी करून पुसली आणि दगडी पायरीवर उन्हात पसरली. वाळेपर्यंत चौघांना पडवीत बसवून तिनं पेज वाढली, नारळाची चटणी आणि उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद. मग डबे उघडले गेले. ओमनाकडं डबा नव्हता. तिच्या पानात सगळ्यांचं आलं, तारलीचं कालवणही आणि तो दहीभातही. तिनं सगळं खाल्लं. दहीभात तिनं दुसऱ्यांदा मागितला, तेव्हा माशनी चष्मा काढून पुसला.

निघताना कार्त्यायनीअम्मानं पंप स्वतः आणून जीपमध्ये ठेवला. "ही नळी सैल आहे. प्रजीशनं छत्रीच्या तारेनं आवळलीय. ज्या घरी जाईल त्यांना सांग, तार काढू नका म्हणावं." आणि मग, ओमनाचा दंड धरून, "आणि तू येत जा. काम नसलं तरी."

उन्हं कलली तेव्हा ते बिय्यातुम्माच्या घरी पोचले. मोइदू आणि माशनी म्हातारीला अलगद उचललं, सुनेनं पाय धरले, ओमना आणि फसीलानं खाली गादी पसरली. तार तशीच ठेवून नळी जोडली. आता फक्त भिंतीवरचं बटन दाबायचं राहिलं होतं.

फसीला पुढं झाली. तिनं ओमनाकडं पाहिलं नाही. "मी दाबते चेची," ती हळूच म्हणाली. "पुढं मलाच यावं लागेल ना."

माश पंख्याकडं बघू लागले. मोइदूनं दारात उभ्याउभ्या खिशातली किल्ली चाचपली. गोष्ट सगळ्यांना कळत होती. महिनाअखेर जाणाऱ्या बाईनं बटन दाबून उपयोग नव्हता.

ओमनानं बिय्यातुम्माकडं पाहिलं. म्हातारी वाकड्या तोंडानं, पण टक लावून, हे सगळे कशासाठी थांबलेत ते न्याहाळत होती.

"हिची नजर बघितलीस?" ओमना म्हणाली. "ही अजून दहा वर्षं हलत नाही. तोवर तू लग्न करून दुबईला गेलेली असशील. हात काढ तिथून."

आणि तिनं बटन दाबलं. पंप एकदा खोकला, मग पुटपुटू लागला. गादीचे कप्पे फुगायला लागले, म्हातारी इंचभर वर आली आणि तिचा डावा डोळा विस्फारला.

"सिस्टर, हे असंच पुटपुटत राहणार?" सुनेनं घाबरून विचारलं.

"रात्रंदिवस," दारातून मोइदू म्हणाला. "सासूबाई आहेत त्या. तुला आता दोन झाल्या."

बिय्यातुम्माच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. ओमनानं वाकून तिची चादर सारखी केली आणि फसीलाला म्हणाली, "चल, उजवी कूस. आणि उद्या डब्यात फणसाची भाजी आहे, माशना सांग दहीभात थोडा कमी आणा."